सुट्या मालाचा किरकोळ दर कसा काढायचा? (छोटं किराणा दुकान, कोल्हापूर)

नवा_गल्ला
नमस्कार मंडळी. राजारामपुरीच्या अंगाला दहा बाय बाराचा गाळा, आजूबाजूला भाड्यानं राहणारी पोरं आणि जुनी घरं, दोन्ही तऱ्हेची गिऱ्हाइकं. पाकीटबंद मालावर एमआरपी छापलेली असते, तिथं दर मला ठरवायचा नाही. प्रश्न सुट्या मालाचा आहे. साखर, गूळ, शेंगदाणे, पोहे, डाळी, मिरची. लक्ष्मीपुरीच्या घाऊक बाजारातून पोतं आणलं की किलोला किती लावायचे? सगळ्यावर सरसकट १० टक्के चढवले तर चालेल का? आणि पाव किलोचा दर किलोच्या बरोबर चौथा हिस्सा ठेवायचा का? आकड्यांसकट सांगा, म्हणजे वहीत उतरवता येईल.

हिशेबनीस
सरसकट लावू नका. आधी दुकानात माल किती रुपयांना पडतो ते काढा, मग नफ्याचं बोला. बहुतेक जण बिलावरचा दर धरतात आणि तिथंच चुकतात.

साखरेचं उदाहरण घ्या. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बिलाचे घाला. ५० किलोचं पोतं, कर धरून २,१०० रुपये. हमाली आणि टेम्पोच्या भाड्यातला वाटा २० रुपये. कागदी पिशव्या आणि दोरा ४० रुपये. झाले २,१६०. आता विकायला हातात ५० किलो नसतातच. सांडलवंड, पोत्याच्या शिवणीला राहिलेली साखर आणि काट्यावर हात सैल पडल्यामुळे ३०० ग्रॅम सहज जातात. उरली ४९.७ किलो. २,१६० भागिले ४९.७ म्हणजे ४३ रुपये ४६ पैसे. बिलावर ४२ दिसत होते. ४५ नं विकली तर किलोमागं तीन नाही, दीडच रुपया सुटतो. म्हणजे विक्रीच्या साडेतीन टक्क्यांच्याही खाली.

रोखीनं पैसे देऊन वटाव (सूट) मिळत असेल तर तो खरेदीतून वजा करा. उधारीवर माल उचलून वरचे दोन रुपये देत असाल तर तेही खरेदीतच धरा.

लक्ष्मीपुरी_फेरी
वरच्यात एक भर. पोत्यावर ५० किलो निव्वळ छापलेलं असलं तरी उतरवून घेताना काट्यावर टाकाच. शिवण उसवलेलं, हूक लागून भोक पडलेलं पोतं तिथल्या तिथं बदलून मिळतं. दुकानात आल्यावर कोण दाद देत नाही. डाळींच्या ३० किलोच्या कट्ट्याला बारदानाचं वजन धरलंय का सोडलंय ते बिलावरच विचारून घ्यायचं.

तराजू
दर बरोबर काढला आणि वजन चुकलं तर सगळं पाण्यात. दुकानात सहसा ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, ५ ग्रॅमचा टप्पा असलेला. अशा काट्यावर १०० ग्रॅमच्या खालचं वजन करूच नये, त्याच्या पाटीवर 'किमान' म्हणून तेच लिहिलेलं असतं. २५ ग्रॅम मोहरी त्याच्यावर टाकली आणि ५ ग्रॅमचा फरक पडला तर तो २० टक्क्यांचा फरक झाला. मोहरी, जिरं, वेलदोडे, लवंग यांना लहान टप्प्याचा वेगळा काटा घ्या. मसाल्यातला नफा नेमका इथं गळतो.

पिशवी आधी ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग माल. गिऱ्हाइकाला निव्वळ वजन मिळालं पाहिजे, पिशवी त्यात धरायची नाही. पण घाईत उलटंही होतं. अर्ध्या किलोच्या प्रत्येक पुड्याला ४ ग्रॅम जास्त गेले तर एका पोत्यात १०० पुड्यांना ४०० ग्रॅम झाले. हिशेबनीस यांनी धरलेले ३०० ग्रॅम त्याच्या आतच संपले.

आणि काट्याची वैधमापनाकडून (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून) दर वर्षी पडताळणी करून मुद्रा मारून घ्या. दाखला भिंतीवर दिसेल असा लावा.

हिशेबनीस
@तराजू, मान्य. ३०० हा आकडा काळजीनं जोखणाऱ्या दुकानाचा आहे. नवीन माणूस असेल तर पहिले तीन महिने ५०० धरावेत.

चोख_व्यवहार
१० टक्के म्हणजे कशाचे, हे आधी ठरवा. ८० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली तर खरेदीवर २५ टक्के चढले, पण विक्रीवर २० टक्केच सुटले. भाडं, लाईट, पोराचा पगार हे सगळं गल्ल्यातून जातं, म्हणून टक्का विक्रीवरच मोजावा. विक्रीवर १० टक्के हवे असतील तर पडता भाव (सगळा खर्च आणि घट धरून माल पडतो तो) ०.९ नं भागायचा, त्यात १० टक्के मिळवायचे नाहीत. १२ हवे असतील तर ०.८८ नं, १५ ला ०.८५ नं.

महिन्याचा खर्च १८ हजार आणि सगळ्या मालावर मिळून सरासरी ११ टक्के सुटत असतील तर महिन्याला १ लाख ६४ हजारांची विक्री लागते, रोजची साडेपाच हजारांच्या आसपास. तीच सरासरी ९ वर घसरली तर २ लाख लागतात, रोजचे ६,७०० रुपये. दोन टक्क्यांचा फरक एवढा मोठा असतो.

कट्ट्यावरची_गप्पा
+१. भागायचं, मिळवायचं न्हाई. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मंगळवार_पेठ
शेंगदाण्याचं सांगतो, कारण यात घट जास्त. ३० किलोचा कट्टा ११५ नं ३,४५०, भाडं-हमाली ३०, एकूण ३,४८०. निवडल्यावर काळे, खवट, सुरकुतलेले दाणे आणि माती मिळून ६०० ग्रॅम निघतात असं धरा. २९.४ किलो उरले. पडले ११८ रुपये ३७ पैसे. १० टक्क्यांसाठी ०.९ नं भागा, १३१.५ येतात. १३२ लावा.

आता धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न. पाव किलोला ३३ लावू नका. चार वेळा पुडी बांधायची, चार वेळा काटा, चार पिशव्या. किलो १३२, अर्धा ६७, पाव ३४. फरक रुपया-दोन रुपयांचाच असतो. पण भाड्याच्या खोलीतली पोरं पाव किलोच नेतात, त्यामुळे महिन्याच्या शेवटी तो दिसतो. यापेक्षा जास्त चढवलं की घरगुती गिऱ्हाईक पाटी वाचून लगेच बोलून दाखवतं.

निवडून काढलेली दाण्याची फाड (फुटलेले दाणे) वेगळी ठेवा. कुटाला चालते, पाच-सात रुपये कमी दरानं जाते. खवट मात्र फेकायचाच, चांगल्या मालात मिसळला की अख्खा डबा वास मारतो.

शाहूपुरीकर
गुळाबद्दल लिहितो. शाहूपुरी पेठ १८९५ साली वसली आणि गुळाच्या व्यापारावर वाढली. त्यामुळे कोल्हापूरचं गिऱ्हाईक गूळ हाताला लावून, चाखून घेतं. इथं चुकीचा दर किंवा चुकीचा माल, दोन्ही खपत नाहीत.

१० किलोची ढेप घेतली तर फोडताना १५० ते २०० ग्रॅम चुरा होतो. चुरा टाकून देऊ नका, चहावाले आणि पाक करणारे नेतात, पण दर थोडा उतरवावा लागतो. रोज किलो-दोन किलोच जात असेल तर ढेप घेऊच नका. किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या भेल्या घ्या. किलोला दोन-तीन रुपये जास्त पडतील, पण चुरा नाही, काटा नाही आणि उघडा गूळ पडून राहत नाही.

खरी अडचण पावसाळ्याची. गुऱ्हाळं मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च चालतात. जून ते सप्टेंबर विकला जातो तो साठवणीचा गूळ, म्हणून दर चढा. त्यात हवेतली ओल ओढून तो पाझरतो, काळा पडतो, खालचा थर चिकट होतो. पावसाळ्यात आठवड्याला पुरेल एवढाच आणा. घट्ट झाकणाच्या डब्यात, फळीवर, जमिनीपासून वर ठेवा, मिठाच्या पोत्याशेजारी नको. जून-जुलैत घट दुप्पट धरून दर काढा. फेब्रुवारीचा फॉर्म्युला जुलैत चालत नाही.

आणि 'कोल्हापुरी गूळ' अशी पाटी लावायची असेल तर माल इथलाच हवा. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. बाहेरचा स्वस्त गूळ त्या नावानं विकणं ही फसवणूक आहे. बाहेरचा विकायचाच असेल तर वेगळी पाटी, वेगळा दर.

रंकाळा_वारा
टक्का जिनसागणिक का बदलायचा ते कुणी नीट सांगितलं नाही. साखर, तेल, दूध, चहा, गूळ, शेंगदाणे आणि तूरडाळ यांचे दर घरातल्या बाईला तोंडपाठ असतात. त्यावरून दुकान महाग की स्वस्त ते ठरतं. तिथं तीन ते आठ टक्क्यांवर समाधान मानायचं. खोबरं, खसखस, जिरं, दालचिनी, पूजेचं सामान, वाती, कापूर, पेन, सुई-दोरा, भांड्यांच्या घासण्या, या गोष्टी गिऱ्हाईक दोन महिन्यांतून एकदा घेतं, दर लक्षात राहत नाही आणि तुमच्याकडं माल जास्त दिवस पडून राहतो. तिथं १८ ते २५ टक्के घेणं रास्त आहे, कारण पैसा तितका काळ अडकलेला असतो. साखरेचं पोतं आठवड्यात फिरतं, खसखशीचा डबा तीन महिने.

नवा_गल्ला
खूप उपयोगी. दोन उपप्रश्न. पाव-ब्रेड आणि दूध ठेवावं का? आणि थंड पेयांवर फ्रिजचा खर्च म्हणून २ रुपये वर घेतात, ते चालतं का?

चोख_व्यवहार
दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. छापील किमतीवर एक रुपयाही घेता येत नाही, थंड करण्याचे वेगळे घेता येत नाहीत. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत हा गुन्हा आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार जाऊ शकते. छापलेली किंमत खोडणं, वर स्वतःची चिठ्ठी लावणंही तसंच. फ्रिजचं वीजबिल महिन्याच्या खर्चात धरायचं. एमआरपीच्या आत ते निघत नसेल तर थंड पेयं ठेवायची नाहीत, किंवा कंपनीचा फ्रिज मिळतो का बघायचं.

कमी दरानं विकायला मात्र कुणाची आडकाठी नाही. एमआरपी ही वरची मर्यादा आहे.

मंगळवार_पेठ
ब्रेडचं गणित डोळ्यांसमोर ठेवा. लादी ३६ ला घेतली, ४० ला विकली. दहा लाद्या आणल्या, नऊ गेल्या, एक उरली. गल्ल्यात आले ३६०, दिले ३६०. दिवसाची कमाई शून्य. म्हणून ब्रेडमध्ये टक्का विचारायचाच नाही, उरलेला माल परत घेणार का ते विचारायचं. परत घेत नसतील तर जेवढे जातात त्याच्यापेक्षा एक कमी मागवा. संध्याकाळी ब्रेड संपला म्हणून गिऱ्हाईक तुटत नाही.

दुधाचंही तसंच. पाकीट ३० चं आणि सुटतात ७५ पैसे असं धरा. एक पिशवी फुटली की पुढची ३९ पाकिटं त्या एका पाकिटासाठी विकायची. क्रेट उतरवतानाच गळकी पिशवी बघा, गाडी गेल्यावर नाही. तरी दूध ठेवाच, सकाळी दुधाला आलेला माणूस पोहे, बिस्किट, साबण घेऊन जातो.

लक्ष्मीपुरी_फेरी
कंपनीच्या स्कीमचं पण लिहा कोणीतरी. सेल्समन "बारावर एक फुकट" म्हणतो आणि नवीन माणूस फसतो.

हिशेबनीस
साबण, एमआरपी ४०, तुमचा दर ३६. बारावर एक म्हणजे ४३२ रुपयांत १३ नग, नगाला ३३ रुपये २३ पैसे. टक्का १० वरून जवळजवळ १७ वर जातो. चांगलं आहे, पण एकच डझन घेतला तर. स्कीम सहा डझनावर असेल तर २,६०० रुपये गुंतले. तुमच्याकडं महिन्याला एकच डझन जात असेल तर तो माल सहा महिने फळीवर. तेवढ्याच पैशात साखरेचं पोतं वीस-पंचवीस वेळा फिरतं. म्हणून नियम असा की सहा आठवड्यांत संपेल एवढाच माल घ्या, स्कीम कितीही गोड असो. घेताना शेवटची तारीख बघाच.

दुसरं म्हणजे जुन्या वहीतले खरेदीदर वापरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, अंगाचा साबण, टूथपेस्ट, शांपू, केसांचं तेल १८ वरून ५ टक्के जीएसटीवर आलं. धुण्याची पावडर १८ वरच राहिली. तुम्ही नोंदणीच केली नसेल किंवा कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत) असाल तर खरेदीवरचा कर परत मिळत नाही, तो तुमच्या पडत्या भावातच असतो. त्यामुळे कराचा दर बदलला की पडता भाव नव्यानं काढा.

नियमबद्ध
वर सगळे पुडे बांधण्याबद्दल बोलताहेत, म्हणून सावध करतो. गिऱ्हाईक समोर असताना जोखून दिलेला माल सुटा. पण मोकळ्या वेळात अर्धा-अर्धा किलोचे पुडे बांधून फळीवर मांडले की कायद्यानं ते पाकीटबंद झाले. मग त्यावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत असं सगळं छापावं लागतं. शिवाय तांदूळ, डाळी, पीठ सुटं विकलं तर जीएसटी नाही, पण २५ किलोपर्यंतचं पाकीटबंद आणि लेबल लावलेलं असेल तर ५ टक्के. अन्नपदार्थ बांधून विकायचे तर अन्नसुरक्षेच्या नोंदणीतही तसं नमूद हवं. छोट्या दुकानानं समोर जोखून देणंच सोयीचं.

कट्ट्यावरची_गप्पा
@नियमबद्ध, संध्याकाळी सहा ते आठ गर्दी असते तेव्हा समोर जोखायला माणूस कुठून आणायचा? दहा जण थांबले की पाच जण पुढच्या दुकानात जातात.

नियमबद्ध
अडचण खरी आहे. त्यावर उपाय असा की जे रोज २० पुड्यांपेक्षा जास्त जातं, म्हणजे साखर आणि बहुधा पोहे, ते कंपनीचं किंवा मिलचं पाकीटबंदच ठेवा. डाळी, दाणे, मसाले समोर जोखा. डबे काट्याच्या हाताशी आणि प्रत्येक डब्यात वेगळं माप ठेवलं तर एका पुडीला अर्धा मिनिट लागतो. पोराला एकदा नीट शिकवलं की पाव किलोचं माप अंदाजानं दोन-चार ग्रॅमच्या आत येतं, काट्यावर भर-उतार करण्यात वेळ जात नाही.

रंकाळा_वारा
बाजार चढला की जुना माल कुठल्या दरानं विकायचा, यावर मतं सांगा. माझं मत: जुन्याच. नेहमीच्या काकूंना काल ४५ आणि आज ४८, पोतं तेच, हे बरोबर वाटत नाही.

हिशेबनीस
भावना कळते, पण इथं मी वेगळं म्हणेन. वरचंच पोतं घ्या. ४५ नं सगळं विकून २,२३६ रुपये आले. दरम्यान बाजार ४६ झाला. नवीन पोतं २,३००, अधिक भाडं-पिशव्या ६०, म्हणजे २,३६०. सव्वाशे रुपये खिशातून घालावे लागले. भांडवल असंच झिजतं, आणि दुकानदाराला वाटतं विक्री तर चांगली चाललीय. दर पुढचं पोतं भरायला लागणाऱ्या पैशांवर ठरवा. आणि हाच नियम बाजार उतरल्यावरही पाळा. चढताना लगेच आणि उतरताना पंधरा दिवसांनी, असं केलं की गिऱ्हाईक ओळखतं.

शाहूपुरीकर
मधला मार्ग आहे. अर्धं पोतं गेलं असताना बाजार चढला तर तेवढं जुन्या दरानं संपवायचं, पण पाटीवर लिहायचं "सोमवारपासून साखर ४८". लोक त्याआधी दोन किलो जास्त नेतात, माल लवकर फिरतो.

मिरची_देठासकट
मसाल्याच्या हंगामाचं राहिलं. फेब्रुवारी ते एप्रिल इथं घरोघरी चटणी करतात, संकेश्वरी आणि ब्याडगीची मागणी एकदम वाढते. पोतं आणल्या दिवसापासून मिरची वाळत जाते, बी गळतं, देठ निघतात. किती, ते पुस्तकात शोधू नका. तुमच्याच पोत्यातली एक किलो खुडा, देठ-बी वेगळं करून वजन करा. देठासकटचा दर आणि खुडलेलीचा दर वेगळा लिहा. खुडणावळ आणि घट धरून किलोला किती चढतात ते गिऱ्हाइकाला समोर दाखवता आलं तर कोण घासाघीस करत नाही. ओली मिरची जड भरते म्हणून घेऊ नका, आठ दिवसांत बुरशी धरते.

महाद्वार_गल्ली
पर्यटकांना वेगळा दर हा विषयही येतोच. नवरात्रात अंबाबाईला आलेली माणसं गूळ आणि कांदा-लसूण मसाला मागतात. दर तोच ठेवावा. पाटी एकच. जास्त नफा हवा असेल तर वस्तू वेगळी ठेवा. प्रवासाला सोयीची अर्ध्या किलोची भेली, नीट लेबल असलेला बचत गटाचा मसाला. त्या मालावर २० टक्के सहज सुटतात आणि कुणाची फसवणूक होत नाही. मसाला विकला जाईल तसे पैसे द्यायच्या बोलीवर घ्या, म्हणजे उन्हाळ्यानंतर रंग उतरलेला माल अंगावर पडत नाही.

लक्ष्मीपुरी_फेरी
तेलाबद्दल कोणी बोललंच नाही. डब्याचे दोन प्रकार येतात, १५ किलोचा आणि १५ लिटरचा. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलोच तेल. १५ किलोचा डबा २,२५० ला आणि १५ लिटरचा २,१०० ला मिळत असेल तर दुसरा स्वस्त वाटतो. पण पहिला किलोला १५० पडला आणि दुसरा १५३ रुपये ८५ पैसे. पिशव्यांचंही असंच, काहींत ९१० ग्रॅम, काहींत ८५० किंवा त्याहून कमी. पिशवीवर दर ग्रॅमचा किंवा मिलीलिटरचा दर छापलेला असतो, त्यावरून गिऱ्हाइकाला फरक समजावून सांगा. राज्याची सूट नसताना खाद्यतेल सुटं विकायला बंदी आहे, त्यामुळे डबा उघडून मापानं विकायचा विचार करू नका.

नवा_गल्ला
सगळ्यांचे आभार. आता पोह्याचा हिशेब करून बघितला, चूक असेल तर सांगा. ३० किलोचं पोतं ४८ नं १,४४०, भाडं २०, एकूण १,४६०. त्यावर १० टक्के धरून १,६०६. भागिले ३०, किलोला ५३ रुपये ५३ पैसे, म्हणून ५४ लावणार.

चोख_व्यवहार
तीन दुरुस्त्या. चुरा वजा केला नाही, पिशव्या धरल्या नाहीत आणि टक्का पुन्हा खरेदीवर चढवला. जाड पोह्याचा चाळून ७०० ग्रॅम चुरा निघतो असं धरा, उरले २९.३ किलो. १,४६० अधिक पिशव्यांचे २५, म्हणजे १,४८५. किलोला ५० रुपये ६८ पैसे पडले. पोह्यावर १२ टक्के घ्यायला हरकत नाही, ०.८८ नं भागा, ५७.६ येतात. किलो ५८, अर्धा २९, पाव १५. ५४ लावले असते तर विक्रीवर सहा टक्केच सुटले असते.

मंगळवार_पेठ
बरोबर. फक्त हाच दर पातळ पोह्याला लावू नका. तो जास्त तुटतो, चुरा दीडपट धरा, आणि पाव किलोला मोठी पिशवी लागते. पोतं उघडलं की वरचा थर हातानं न ढवळता बाजूनं माप घालून काढा, निम्मा चुरा तिथंच वाचतो.

नवा_गल्ला
वहीत लिहून घेतलं. चिवड्याच्या दिवसांत पातळ पोहे ठेवणार आहे, तेव्हा पहिलं पोतं चाळून चुऱ्याचं खरं वजन इथं टाकतो.